वाहन बदलते, कर्तव्य बदलते का?

हैदराबादच्या अफझलगंजात, बेगम बाजाराकडे वळणाऱ्या गल्ल्यांत हातगाड्या आणि टेम्पोंची सतत दाटी. अशा ठिकाणी मोठी गाडी अडकून पडते. पत्र दारापर्यंत न्यायला सायकल, दुचाकी किंवा पायच उपयोगी.

मुलूख बदलला की वाहनही बदलते. श्रीनगरच्या दल सरोवरात तरंगते टपाल कार्यालय आहे. स्पितीतल्या हिक्कीमहून टपाल डोंगरवाटेने पायी काझाला उतरते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे ६,५०० पत्रे विमानाने नेली.

मग पायी चालणाऱ्याचे कर्म अधिक पुण्याचे का?

गीतेचा तिसरा अध्याय स्वधर्माचा विचार मांडतो, तो इथे नेमका लागू पडतो. कष्ट कमी-जास्त असतील, आणि जास्त कष्टांना जास्त मोबदला मिळायलाच हवा. तो न्यायाचा प्रश्न आहे. कर्तव्य मात्र एकच: दुसऱ्याचा मजकूर न उघडता, श्रीमंत-गरीब न पाहता, ज्याचा त्याला पोचवणे. पत्रातल्या सुखदुःखावर पोस्टमनचा हक्क नसतो, तरी जबाबदारी पूर्ण त्याची. निष्काम कर्माचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

वाचकांनी एवढे तरी करावे: पाकिटावर पत्ता आणि पिनकोड सुवाच्य लिहावा.