कचऱ्याच्या पेटीतला पोशाख

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा पन्नासावा अंक जुलै १९६७चा. लेखन स्टॅन ली यांचं, चित्रं जॉन रोमिटा यांची. त्यातलं एक चित्र कॉमिक्सचा कुठलाही वेडा डोळे मिटून सांगेल: पावसात भिजलेली गल्ली, कचऱ्याच्या पेटीतून लोंबणारा लाल-निळा पोशाख आणि स्पायडर-मॅनपण सोडून, मान खाली घालून निघून चाललेला पाठमोरा पीटर पार्कर. सॅम रेमीच्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये (२००४) ही चौकट जवळजवळ जशीच्या तशी पडद्यावर येते. आम्हा चाहत्यांचा ऊर त्या क्षणी भरून येतो. पण नुसती चौकट उचलणं अवघड नसतं. झॅक स्नायडरने ‘वॉचमेन’मध्ये डेव्ह गिबन्सची कितीतरी चित्रं हुबेहूब उभी केली, तरीही तो सिनेमा मला मूळ पुस्तकापासून दुरावलेला वाटतो. पुस्तकाला ज्या हिंसेची किळस आहे, ती तिथे देखणी होऊन येते.

रेमीच्या सिनेमात तो पोशाख पेटीत पडतो तेव्हा आपल्याला तो का पडला हे हाडापर्यंत कळलेलं असतं, आणि मूळ कथेशी इमान मी त्यालाच म्हणतो. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी जे नवं केलं ते भिंतीवर चढणं नव्हे. अंगात अचाट बळ आलेल्या पोराचं घरभाडं मात्र थकलेलं आहे, हे त्यांनी दाखवलं. लोकांना वाचवण्याची किंमत त्याच्याच खिशातून, झोपेतून, नात्यांतून वळती होते. रेमीने हा हिशेब पै-पैने मांडला आहे. पीटर पिझ्झा उशिरा पोचवतो आणि नोकरी गमावतो. धुलाईयंत्रात पोशाखाचा रंग बाकीच्या कपड्यांना लागतो. भाड्यासाठी दारात उभा राहणारा घरमालक डिटकोविच, आणि हे नाव कुणाच्या आदरापोटी ठेवलंय ते जाणत्यांना लगेच कळतं. जिच्यावर प्रेम आहे त्या मेरी जेनच्या नाटकाला पीटर उशिरा पोचतो आणि त्याला आत सोडत नाहीत.

त्यातही माझा जीव अडकतो तो वीस डॉलरच्या नोटेत. मे काकूचं घर जप्तीच्या उंबरठ्यावर आहे आणि ती वाढदिवसाचे म्हणून पीटरच्या हातात वीस डॉलर ठेवते. तो नको म्हणतो. ती एकदम कडाडते, घे म्हणून, आणि मग रडू लागते. काकू झालेल्या रोझमेरी हॅरिसने तो क्षण असा केला आहे, की गरिबीत देण्याचा हक्कही हिरावला जाण्याची भीती काय असते ते दिसतं. सुपरहिरोंच्या सिनेमात इतकी खरी नोट मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आता बदलांबद्दल. कॉमिकमध्ये जाळं फेकणारी यंत्रं पीटरने स्वतः बनवलेली असतात. रेमीच्या पहिल्या सिनेमापासून (२००२) ते जाळं त्याच्या मनगटातून आपोआप निघतं. यावर आमच्यात खूप कडाक्याची भांडणं झाली. ती रास्तच होती, कारण त्या यंत्रांत एका हुशार, एकट्या मुलाची बुद्धी होती, ती गेली. पण दुसऱ्या सिनेमात त्याच बदलातून काहीतरी उगवतं. पीटरचं मन आतून नकार देऊ लागतं आणि जाळं आटतं, तो उंचावरून कोसळतो. यंत्र असतं तर दुरुस्त झालं असतं. पन्नासाव्या अंकात जो निर्णय डोक्यात होतो, तो इथे शरीरावर उमटतो.

तसंच बेनकाकाच्या मृत्यूचं. साठच्या दशकातल्या अंकांत पीटर ते ओझं काकूपासून लपवूनच जगतो. सिनेमात तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगून टाकतो, की ज्या चोराने काकांना मारलं त्याला आधी मीच जाऊ दिलं होतं. काकू त्याच्या हातातून आपला हात काढून घेते आणि एक शब्द न बोलता उठून वर निघून जाते. हे त्या अंकांत नाही. तरी ते अंक ज्यांनी जिवाभावाने वाचलेत, त्यांना हा प्रसंग परका वाटत नाही. कीर्तनकाराने आख्यानात स्वतःची भर घालावी आणि श्रोत्यांना ते मूळच्या कथेतलंच वाटावं, तसा तो आत बसतो.

एक उणीव मात्र मी झाकणार नाही. डिटको-रोमिटाचा स्पायडर-मॅन मुखवट्याआड सतत बडबडतो, मार खातानाही टोमणे मारतो. टोबी मॅग्वायरचा पीटर फार गप्प आहे. ती बडबड म्हणजे त्या पोराची भीती लपवायची युक्ती होती आणि ती मला हवी होती.

पण मग आगगाडीचा प्रसंग येतो. १९६६च्या तेहेतिसाव्या अंकात डिटकोने पीटरला प्रचंड यंत्राखाली दाबलं होतं. काकूचं औषध समोर, पाणी वाढतंय, आणि तो इंचाइंचाने वजन उचलतो. रेमी ते यंत्र कुठेच दाखवत नाही. त्याऐवजी धावत्या गाडीपुढे तो पोर दोन्ही हात ताणून उभा राहतो, पोशाख फाटतो, गाडी थांबते आणि तो शुद्ध हरपतो. प्रवासी त्याला हातोहात आत नेतात. मुखवटा उतरलेला आहे. कुणीतरी म्हणतं, हा तर माझ्या मुलाएवढाच. दोन मुलं मुखवटा परत देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात. इतकी वर्षं पीटर न्यूयॉर्कसाठी झिजत आलाय, शहराने त्याच्यासाठी काही केल्याचं सहसा दिसत नाही. इथे ते करतं, एका डब्यापुरतं, खलनायक डॉक्टर ऑक्टोपस दाराशी येईपर्यंत.