विकत घेतलेलें साहस

ऑगस्ट महिन्यांत आम्ही मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका या देशांत दहा दिवसांचा प्रवास करून आलों. प्रवास आमचा म्हणावयाचा इतकेंच. मुक्काम, वाहनें, भोजनें, पहावयाचे प्राणी आणि भ्यावयाच्या जागा हें सर्व एका कंपनीनें आधींच ठरवून ठेविलें होतें, आणि आम्हां बारा जणांना सुखरूप फिरवून आणण्यासाठीं एक वाटाड्या सोबत दिला होता. कंपनीनें पाठविलेल्या कार्यक्रमपत्रिकेंत चवथ्या दिवसासमोर लिहिलें होतें कीं, सकाळीं नऊपासून दुपारीं दोनपर्यंत नदीवरील साहस, भोजनासह. साहस आणि भोजन यांना एका ओळींत बसविणाऱ्या त्या अज्ञात लेखकाचें आम्हांला मोठें कौतुक वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर हंसूंही आलें. परंतु ज्या ओळीस आम्ही हंसलों तिचे पैसे आम्हींच भरले होते.

साहस हा शब्दच मोठा चमत्कारिक आहे. आज मुलांच्या पुस्तकांत तो गुण म्हणून येतो. जुन्या धर्मशास्त्रांत तो गुन्हा होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत त्यांत साहस हें एक असून, बळजोरीनें केलेलें दुष्कृत्य असा त्याचा तेथें अर्थ आहे. दंडाचीं मापेंही याच नांवानें ओळखलीं जात: पण नांवाचीं २५० नाणीं म्हणजे प्रथम साहस, ५०० म्हणजे मध्यम, १००० म्हणजे उत्तम. घरांतील वडील माणसें 'नसतें साहस करूं नकोस' असें अजून म्हणतात, तेव्हां त्या जुन्या अर्थाचीच सावली त्यांच्या बोलण्यावर पडलेली असते. जें एके काळीं केल्यावर दंड भरावा लागे, तें आतां आगाऊ पैसे भरल्यावर मिळतें. अशा विकत घेतलेल्या साहसांत साहसाचा कांहीं अंश उरतो काय, आणि उरत असल्यास तो कोणाच्या वांट्यास जातो, हा प्रश्न त्या दहा दिवसांत आमच्या मनांत घोळत राहिला. निघतांना आमच्यापाशीं त्याचें एक सोपें उत्तर तयार होतें. जेथें पडण्याचें भय कोणी दुसऱ्यानें काढून टाकलेलें आहे तेथें साहस कसलें, तें तर पाळण्यांतलें झुलणें, असें आम्ही मित्रमंडळींत सांगूनही टाकलें होतें. हें उत्तर आम्हांस परत आणतां आलें नाहीं.

कोस्टा रिका हा देश लहान आहे. महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा. एका बाजूस कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर, आणि मध्यें ज्वालामुखींची रांग. १९४८ सालीं या देशानें आपलें सैन्य मोडून टाकलें आणि पुढील वर्षीं राज्यघटनेंतच तें कलम घातलें. आज परदेशी पाहुणे हें त्याच्या उपजीविकेचें एक मोठें साधन आहे, आणि पाहुण्यांना काय हवें असतें हें तेथील लोकांना पाहुण्यांपेक्षां अधिक चांगलें कळतें.

आमचा पहिला मोठा मुक्काम तोर्तुगेरो येथें होता. या गांवास सडक नाहीं. झाडींतून वळणें घेत जाणाऱ्या कालव्यांतून होडीनें जावें लागतें. येथील किनाऱ्यावर जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत समुद्रांतील हिरवीं कासवें अंडीं घालावयास येतात, आणि त्यांच्या रक्षणासाठीं १९७५ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान झालें. रात्रीं किनाऱ्यावर जावयाचें तें परवाना असलेल्या वाटाड्याबरोबरच. पांढरा दिवा नाहीं, छायाचित्र नाहीं, मोठ्यानें बोलणें नाहीं. कासवी वाळूंत खड्डा खणून अंडीं घालूं लागली म्हणजे ती आपल्याच कामांत इतकी मग्न होते कीं भोंवतालचें तिला फारसें भान रहात नाहीं. तोंपर्यंत पाहुण्यांनीं झाडींत थांबावयाचें. आम्ही पाऊण तास डांस मारीत अंधारांत उभे होतों. मग इशारा आला, आणि तांबड्या दिव्याच्या अंधुक उजेडांत तिच्या मागून, तिला न दिसतां, आम्हीं तें दृश्य पाहिलें. शंभराच्या आसपास अंडीं घालून तिनें मागील पायांनीं खड्डा बुजविला, वर पुष्कळ वाळू उडविली आणि मागें न पाहतां ती समुद्रांत गेली. कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीनें पोसते असें आपले संत सांगत आले आहेत. खरी कासवी आपलीं पिलें कधीं पहातही नाहीं. हें समजल्यानें संतांविषयींचा आमचा आदर कमी झाला नाहीं, परंतु पिलांविषयींची कींव मात्र वाढली.

या रात्रीस पत्रिकेंत साहस म्हटलेलें नव्हतें. परंतु वाटाड्या कशासाठीं असतो याविषयींची आमची कल्पना येथें प्रथम हलली. तो आमच्या रक्षणासाठीं आहे असें आम्ही समजत होतों. त्या किनाऱ्यावर तर तो कासवीचें आमच्यापासून रक्षण करीत होता, आणि तेंही आम्हीं दिलेल्या पैशांतून. ही व्यवस्था आम्हांस मोठी सुज्ञपणाची वाटली.

आतां नदीची गोष्ट. पाकुआरे ही नदी डोंगरांतून दाट अरण्याच्या घळईंतून कॅरिबियन समुद्राकडे उतरते, आणि फुगविलेल्या रबरी होड्यांतून तिच्या खळाळांवरून उतरण्यासाठीं जगांतून लोक येतात. आमच्या आदल्या रात्रीं पावसानें झोड उठविली होती. सकाळीं काठावर शिरस्त्राणें आणि तरंगतीं जाकिटें चढवून आम्ही तयार झालों. आमचा वाटाड्या, ज्यानें तरुणपणीं याच नदीवर होड्या चालविल्या होत्या, तो नावाड्यांबरोबर खालीं जाऊन पाणी पाहून आला. ज्या खडकावरून ते पाण्याची उंची पारखतात तो खडक दिसत नव्हता. तो परत येऊन म्हणाला कीं आज नाहीं.

यावर जें झालें तें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. मंडळींत एक तरुण गृहस्थ होते. ते म्हणाले कीं आम्ही समुद्र ओलांडून या एका दिवसासाठीं आलों आहोंत, हवा तो कागद आणा, सही करून देतों, जबाबदारी आमची. दोघांतिघांनीं त्यांस दुजोरा दिला. त्या दोघांतिघांत आम्हीही होतों. ज्या ओळीस आम्ही घरीं बसून हंसलों होतों ती रद्द होतांच ती आमच्या हक्काची झाली! आमचें कुटुंब शेजारीं उभें होतें. तिनें आमच्याकडे एकदां पाहिलें आणि जाकिटाचे बंद सोडावयास सुरुवात केली. वाटाड्यानें वाद घातला नाहीं. त्यानें पुन्हां तेंच वाक्य सांगितलें आणि तो होड्या गाडीवर चढविण्यास मदत करूं लागला.

जबाबदारी आमची, या दोन शब्दांचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. एकटा मनुष्य आपल्या जिवावर उदार होऊन एखादा कडा चढतो, तेव्हां त्यास शहाणा म्हणा वा वेडा म्हणा, पणास लावलेली वस्तु त्याची स्वतःची असते. होडींत तसें नसतें. होडी उलटली तर पाण्यांत उडी घेणारा सहीचा कागद नव्हे. उडी घेणार तो नावाडी, आणि त्याच्या घरीं सायंकाळीं त्याची वाट पाहणारें कोणी तरी असतें. आम्ही आपला जीव पणास लावीत आहोंत असें आम्हांस वाटत होतें. वस्तुतः आम्ही त्याचा जीव पणास लावावयास निघालों होतों, आणि तेंही भोजनासह. जुन्या धर्मशास्त्रकारांनीं साहसांत बळजोरी पाहिली ती उगाच नव्हे, असें त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें. पैसे देणाऱ्याचा आग्रह ही एक सौम्य बळजोरीच आहे; ती हंसतमुखानें केली जाते इतकाच फरक.

येथें कोणी म्हणेल, वाटाड्यानें केलें त्यांत तरी धैर्य कसलें? कंपनीचा नियम असेल, विम्याचा धाक असेल. हा आक्षेप आमच्याही मनांत आला होता, आणि आपली लाज झांकण्यास तो फार सोयीचा असल्यामुळें आम्हीं त्याची अधिक चौकशी केली. ती पुढें सांगूं.

मध्यंतरीं आम्ही आरेनाल पर्वताच्या पायथ्याशीं दोन दिवस राहिलों. १९६८ सालच्या २९ जुलैपर्यंत भोंवतालचे लोक यास एक हिरवा डोंगर समजत. त्या दिवशीं तो फुटला. ताबाकोन आणि पुएब्लो नुएव्हो हीं गांवें नष्ट झालीं आणि ८७ माणसें मेलीं. पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ तो धुमसत राहिला आणि रात्रीं तांबडा लाव्हा उतरतांना पहाण्यासाठीं प्रवासी येत राहिले. २०१० पासून तो शांत आहे. आतां लोक येतात ते मुख्यतः ऊन पाण्याच्या झऱ्यांत बसावयास. आम्हीही बसलों. हातांत फळांच्या रसाचा पेला, डोक्यावर पाऊस, भोंवतीं पर्वतानें तापविलेलें पाणी. सुख होतें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ज्यांच्यावर तो पर्वत कोसळला त्यांनीं तिकीट काढलें नव्हतें आणि त्यांच्या संकटास कोणी साहस म्हणालें नाहीं. तेथें आज राहणाऱ्या माणसांना त्या पाण्यावर पोट भरतां येतें, म्हणून आम्ही त्यास नांवें ठेवणार नाहीं. परंतु पाण्यांतून लौकर बाहेर आलों.

तेथून मोंतेव्हेर्देस जातांना आरेनालचें सरोवर होडीनें ओलांडावें लागतें. पाऊस थांबला होता, बाकीचे लोक पक्षी पहात होते. आम्हीं वाटाड्याजवळ जाऊन नदीवरील वर्तनाबद्दल क्षमा मागितली आणि नियमाचें विचारलें. तो म्हणाला, नियम इतकाच आहे कीं वाटाड्याला योग्य दिसेल तें त्यानें करावें. ज्याच्याविषयीं पाहुणे नाराजी लिहून देतात त्याला पुढील हंगामांत कमी तुकड्या मिळतात, हा नियम कोठें लिहिलेला नाहीं, पण तोही आहे. मग थोडा वेळ थांबून त्यानें सांगितलें कीं नवीन असतांना एकदां त्यानें पाहुण्यांचें ऐकलें होतें. कोणी मेलें नाहीं. त्याच्या एका सोबत्याचा खांदा निकामी झाला आणि त्या माणसास नदीचें काम सोडावें लागलें. पाहुण्यांना मात्र तो दिवस फार आवडला. त्यांनीं मोठें बक्षीस दिलें होतें. एवढें सांगून तो इतरांना एक बगळा दाखवावयास गेला.

मोंतेव्हेर्देचें अरण्य ढगांत वसलेलें आहे. येथें १९५१ सालीं अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांतून क्वेकर पंथाचीं कांहीं कुटुंबें येऊन राहिलीं. त्यांच्यांतील चार तरुणांना सैन्यभरतीच्या यादींत नांव घालण्याचें नाकारल्याबद्दल तुरुंगवास झाला होता, आणि सैन्य नसलेला देश शोधीत तीं माणसें या डोंगरावर आलीं. त्यांनीं गाई पाळल्या, चीज करण्याचा कारखाना काढला, आणि आपल्या ओढ्याचें पाणी टिकावें म्हणून माथ्यावरील जंगल तोडावयाचें ठेविलें. १९७२ सालीं तेथें राखीव अरण्य स्थापन झालें. त्याच परिसरांत आज झाडांच्या शेंड्यांमधून तारा ताणून त्यांवरून माणसांना घसरत नेण्याचा धंदा चालतो. १९७० नंतरच्या दशकांत या देशांतील अरण्यांत शास्त्रज्ञ दोरांनीं झाडांच्या माथ्यावर चढून तेथील जीवसृष्टि पहात. पुढें १९९० नंतर दोराची तार झाली आणि अभ्यासाची करमणूक.

आमच्या मंडळींत एक निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरीच्या पलीकडच्या. नदीवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. तारेच्या पहिल्या मचाणावर त्यांचे हात कांपूं लागले. रोज शेंकडों माणसें त्या तारेवरून जातात हें त्यांस माहीत होतें, आणि तरीही भय खरें होतें. आम्हांस मुळींच भय वाटलें नाहीं. म्हणून त्या दिवशीं धैर्याचा आमचा कांहीं हक्क लागत नाहीं, त्यांचा लागतो. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत धैर्यासारखें दिसणारें परंतु धैर्य नसणारें असे कांहीं प्रकार सांगितले आहेत. धोका ठाऊक नसल्यामुळें निर्भय असणारा त्यांतला एक, आणि लोकलाजेनें पुढें पाऊल टाकणारा दुसरा. नदीकांठीं आम्ही पहिल्या वर्गांत होतों. बाई तर सरळ खऱ्या वर्गांत बसतात असें आम्हीं ठरविलें, आणि त्या खालीं आल्यावर मोठ्या आदरानें त्यांस तसें म्हणालों. त्या हंसल्या. म्हणाल्या, मागें पावसांत दहा माणसें खोळंबलीं होतीं, म्हणून गेलें. उद्यां एकटी असतें तर शिडीनें उतरलें असतें. तत्त्वज्ञाची वर्गवारी अशी एका वाक्यांत कोलमडतांना पहाणें यांतही एक सुख आहे.

शेवटच्या सायंकाळीं सान होसे शहरांत कंपनीनें प्रत्येकास एक तक्ता भरावयास दिला. अपेक्षिल्याप्रमाणें साहस मिळालें काय, असा त्यांत एक प्रश्न होता आणि उत्तरादाखल एकपासून पांचपर्यंत तारे. नदीवर रागावलेल्या तरुण गृहस्थांनीं एक तारा दिला, आणि मनाचा मोकळा माणूस असल्यामुळें तसें सर्वांसमक्ष सांगितलें. आम्हीं पांच दिले. त्या सकाळीं काठावर आम्ही काय बोललों होतों हें लिहिण्यास तक्त्यांत जागा नव्हती. मग वाटाड्यासाठीं पाकिटांत रक्कम घातली. रिवाजापेक्षां ती बरीच अधिक होती. आमच्या कुटुंबानें ती मोजून पाहिली आणि विचारलें, हें बक्षीस कीं दंड? बस लागली होती, आणि आम्हीं पाकीट तसेंच बंद केलें.