पाणी कुठून येते?



१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपली आणि बोटींना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही बंदरावर आलो, तेव्हा एक बोट तशीच नांगरून होती. इंजिनखणात पाणी साचत होते. पाणी वाढले की आपोआप सुरू होणारा पंप बोटीवर होता, म्हणून बरेच दिवस कुणी खाली वाकून पाहिलेच नाही. बॅटरी उतरली, पंप थांबला आणि पाणी इंजिनाला टेकले, तेव्हा धावपळ झाली.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून सुताराने फळ्यांचे काम केले होते. काम झाले, मग पाणी आले. म्हणजे दोष सुताराचा! (आधी घडले तेच कारण, ही चूक तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवतात. शिकूनही आम्ही ती रोज करतो.) तांडेलाने आणखी एक उपाय केला होता. पाणी मागच्या बाजूला, पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथे दिसत होते, म्हणून त्याने तिथला ग्लँड करकचून आवळला. पाणी थांबले नाही, दांडा मात्र तापू लागला.

शेवटी म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी बोट बुडवून पाणी जिभेला लावले व थुंकले. खारट. म्हणजे पावसाचे नव्हे, बर्फाचेही नव्हे. मग सगळे पाणी उपसून, खण फडक्याने कोरडा करून तळाशी जुने कागद पसरले. त्यांत आपली दोन पत्रकेही होती, हे आम्ही पाहिले. बोट तासभर उभी ठेवली. कागद कोरडे! फळ्यांतून पाणी येत असते, तर उभ्या बोटीतही आले असते. सुतार बिचारा सुटला. मग गिअर न टाकता इंजिन चालू केले. दांडा फिरत नव्हता, तरी पुढचा एक कागद भिजला. समुद्राचे पाणी खेचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाखालचा. तिथून पाणी उताराने मागे वाहत होते.

त्या पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजले की तिथून थेंब गळू लागतात. तांडेल ते बुजवायला निघाला. मिस्त्री ओरडले, "पोरा, ते छिद्र दाखवण्यासाठीच ठेवलंय! बुजवलंस तर पाणी तेलात जाईल." सील बदलले. ग्लँडही त्यांनी सैल केला, कारण दांडा फिरताना तिथे थोडे थेंब पडायलाच हवेत, नाहीतर तो तापतो.

संत अगस्तीन हिप्पो या बंदराच्या गावाचे बिशप होते. लहान पापांविषयी सांगताना त्यांनी हाच दाखला वापरला आहे: बारीक फटींतून झिरपलेले पाणी उपसले नाही, तर तेही जहाज बुडवते. आपण उपसतो खरे. नाताळ आणि ईस्टरला पापनिवेदन करतो. पण पंप चालतो म्हणून खाली वाकून पाहत नाही.

पापनिवेदनात ऐकलेले आम्ही कधीही सांगणार नाही. म्हणून आमचेच सांगतो. दोन वर्षे आम्ही एकच पाप कबूल करीत होतो: कार्यालयात येणाऱ्या लोकांवर आम्ही चिडतो. तुमच्यापैकी अनेकांना याचा अनुभव असेल, क्षमा असावी. कामाचा ताण, असे आम्ही समजत होतो. संत इग्नाशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधने'त (पोपमहोदयांनी १५४८ साली मान्यता दिलेल्या) एक साधी रीत आहे. एकच दोष घ्यावा, दिवसातून दोनदा मागे वळून पाहावे, तो जितक्या वेळा घडला तितक्या खुणा रेघेवर कराव्यात. आम्ही खुणा केल्या. गर्दीच्या दिवशी त्या फारशा नव्हत्या. घरून फोन आला की दुसऱ्या दिवशी मात्र रेघ भरून जाई. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी आमचे बोलणे बंद झाले होते. गळती तिथे होती आणि पाणी तुमच्या पायाशी येत होते.

जे मलिन करते ते माणसाच्या अंतःकरणातून निघते, असे प्रभू येशू सांगतो (मार्क ७). ते आम्ही कितीदा तरी वेदीवरून वाचले होते.

गेल्या महिन्यात आम्ही भावाकडे जाऊन आलो. वहिनींनी जेवायला वाढले. भाऊ फारसा बोलला नाही, पण स्टँडपर्यंत सोडायला आला. खुणा अजून पडतात. सगळ्याच थांबतील, असे आम्हाला वाटत नाही, आणि त्यासाठी स्वतःला ग्लँडसारखे आवळायचेही नाही असे ठरवले आहे.

पुढच्या शनिवारी सायंकाळी पाचपासून आम्ही पापनिवेदनासाठी बसणार आहोत. यादी पाठ करून येऊ नका. एकच गोष्ट आणा, जी पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ती कधी, कुणाशी बोलल्यावर घडते, एवढे आठवडाभर पाहून या. बंदरावरून थेट येणाऱ्यांनी कपडे बदलण्यासाठी घरी जाण्याची गरज नाही.

तुमचे धर्मगुरू