तळाचा तिरका पाईप

रंगकाम निघालं की सभागृहात, देवळाच्या मंडपात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकांची परांची उभी राहते. लोखंडी फ्रेम एकावर एक, बाजूंना क्रॉस, वर फळ्या आणि फळ्यांवर रंगारी. बघणाऱ्याची नजर साहजिकच वर जाते. खाली घोट्याच्या उंचीवर, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात गेलेला एक आडवा पाईप असतो. निदान असायला हवा. पुष्कळदा तो काढून भिंतीला टेकवलेला दिसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पायात येतो."

त्या पाईपवर कोणाचंच वजन नसतं. वजन चार खांब पेलतात. पण चार पाईपांचा चौकोन सांध्यांत ढिला असतो; बाजूंची लांबी तीच राहून त्याची शंकरपाळी होऊ शकते. मधून कर्ण टाकला की त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि बाजू वाकल्या-तुटल्याखेरीज त्रिकोण आकार सोडत नाही. बाजूंचे क्रॉस परांचीला कलू देत नाहीत. बुडाचा चौकोन काटकोनात ठेवायचं काम मात्र या आडव्या पाईपचं.

परांची जागेवर उभी असताना त्याची उणीव फारशी कळत नाही. ती कळते ढकलताना. एक चाक फरशीच्या सांध्यात अडकतं, बाकीची तीन पुढे जातात, बुडाशी पीळ बसतो आणि खांबांतून वर चढतो. क्रॉसच्या खिट्या ताणल्या जातात, फळ्या जागेवरून हलतात. आणि नेमका तेव्हाच माणूस वर असतो, कारण चढ-उतारात वेळ नको म्हणून त्याला तसाच ठेवून परांची सरकवली जाते.

अमेरिकेत कामगार सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या 'ओशा'ने अशा परांचीला आडव्या, तिरक्या किंवा फुलीच्या ब्रेसिंगने आवळणं सक्तीचं केलं आहे. हाताने ढकलायची तर जोर शक्य तितका बुडाशी लावायचा, जमिनीपासून 5 फुटांच्या वर नाही, असंही तो नियम सांगतो. वरून ढकललं तर परांची पुढे जाण्याआधी कलंडते, हे ज्याने पाहिलंय त्याला या आकड्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

पाईप नसण्याचा दोष रंगाऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. रोजंदारीवरचा माणूस जे सामान मिळेल त्यावर चढतो. भाड्याने आलेल्या सामानात तो पाईप आलेलाच नसेल, तर तो कुठून आणणार? जीव त्याचा असतो, पण सामान ठरवतो ठेकेदार, आणि ठेकेदाराला घाई करतो आपण, काम देणारे.

म्हणून तुमच्या इमारतीत परांची लागेल तेव्हा कोणी चढण्याआधी खाली वाकून बघा. तिरका पाईप आहे का, चाकांचे ब्रेक लावलेत का? नसतील तर काम थांबवा, आणि त्या खोळंब्याची मजुरी रंगाऱ्याच्या पैशांतून कापू देऊ नका.