घरचे कुत्रे, दारचे कुत्रे

ज्याने कुत्रे पाळले त्याला विचारा. धनी शेतावरून परतला की घरच्यांआधी चाहूल त्याला. धनी आजारी पडला तर ते उंबरा सोडीत नाही. आपण म्हणतो, 'मुकं जनावर, पण माणसापरीस बरं!'

परवा आमचा मोत्या भाकरी खात होता. दारी एक खरजुले कुत्रे येऊन उभे राहिले, आणि माझा हात काठीकडे गेला. मग मोत्यावरची माझी ती प्रीती, की नुसते 'माझे' म्हणणे?

भाकरी पळविणारे कुत्रे काही नामदेवरायांनी पाळलेले नव्हते. तरी कथेत महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. धर्मराजाने स्वर्गाच्या दारीही ज्याला सोडले नाही, ते कुत्रेही आपणहूनच मागे आलेले.

मोत्यावर माया करावीच. तो प्रेम शिकवितो. परीक्षा मात्र दाराबाहेरचा घेतो.