ऑप्शन नेमका कुणाचा?

सामना संपतो आणि खेळाडूला मॅनेजरच्या खोलीत बोलावणं येतं. दार लागलं की पुढचं त्याला ठाऊकच असतं: बॅग भर. सिएटल मरिनर्सचा असेल तर टॅकोमा, म्हणजे जवळपास शेजारचं गाव. लॉस एंजेलिस डॉजर्सचा असेल तर थेट ओक्लाहोमा सिटी.

अमेरिकी बेसबॉलमध्ये खेळाडूला असं खालच्या लीगमध्ये धाडण्याला ‘ऑप्शन’ म्हणतात. गंमत अशी की पर्याय संघाचा, खेळाडूचा नव्हे! संघाच्या 40 जणांच्या यादीतल्या खेळाडूला साधारण तीन हंगाम असं खाली-वर करता येतं. हंगामातले 20 दिवस खालच्या लीगमध्ये गेले की एक वर्ष खर्ची पडतं. एका हंगामात किती वेळा खाली धाडायचं, यावर पाचाची मर्यादा आली ती लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2022 च्या करारात.

इथे तत्त्वज्ञ कांट आठवतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं त्याचं म्हणणं. सगळी मेख त्या ‘केवळ’मध्ये आहे. खेळाडूने सही केलेली असते, नियम त्याच्या संघटनेनेच मान्य केलेले असतात. मग तक्रार कसली? पण 1969 मध्ये फिलाडेल्फियाला झालेली बदली नाकारणाऱ्या बेसबॉलपटू कर्ट फ्लडनेही करार केलेलाच होता. त्याविरुद्ध लढत 1972 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. संमती आणि नाइलाज यांतलं अंतर मात्र त्याने उघडं पाडलं.

ऑप्शन संपले की डाव उलटतो. आता खाली पाठवण्याआधी खेळाडू इतर संघांपुढे ठेवावा लागतो. कुणीही त्याला उचलू शकतं. म्हणून कधी कधी बेताचा गोलंदाज जागा राखतो आणि त्याच्याहून सरस, पण ऑप्शन शिल्लक असलेला पोरगा बॅग भरतो.