ममतेचे माप

अन्नदानाला आपल्या धर्मजीवनात जो मान आहे तो क्वचितच दुसऱ्या एखाद्या दानाला असेल. ज्या घरी वैश्वदेव होतो तेथे श्वानाचाही वाटा काढून ठेवण्याची रीत आहे. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला, 'आपण आपल्या कुत्र्याला फार खाऊ घालता, हे योग्य नव्हे' असे कोणी सांगितले तर तो चकित होतो. उपाशी ठेवणे हे पाप, हे त्याला ठाऊक असते. पण खाऊ घालण्यातही दोष असू शकतो काय?

उदाहरणादाखल डॅक्सहुंड ही जात घेऊ. बॅजर नावाच्या प्राण्याला बिळात शिरून हुसकावण्यासाठी जर्मनीतील शिकाऱ्यांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडविली. म्हणून तिचे पाय आखूड आणि पाठ लांब. परंतु या घडणीबरोबरच तिच्या मणक्यांमधील चकत्या अकाली कडक होतात, आणि त्या सरकून मज्जारज्जूवर दाबल्या तर असह्य वेदना, प्रसंगी मागील पायांचा पक्षाघातही ओढवतो. अशा पाठीवर वाढलेल्या चरबीचे ओझे किती जाचक होत असेल! लहान आकाराच्या डॅक्सहुंडचे वजन सुमारे ५ किलो. त्यात १ किलोची भर म्हणजे शरीराच्या पाचव्या हिश्शाची भर होय.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २०१२ साली 'ओबी' नावाच्या एका डॅक्सहुंडचे वजन ७७ पौंड, म्हणजे सुमारे ३५ किलो भरले होते. त्याचे पूर्वीचे धनी निर्दय नव्हते. वृद्धापकाळी त्या प्रेमळ जीवांना त्याला 'नाही' म्हणवत नव्हते, इतकेच.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या ११ व्या कलमात धन्याने पुरेसे अन्न न देणे हा अपराध मानला आहे. जादा अन्न देण्याचा तेथे उल्लेख नाही. मात्र त्याच अधिनियमाचे ३ रे कलम प्राण्याच्या स्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय योजण्याचे कर्तव्य धन्यावर घालते. न्यायालयात अज्ञान मुलाच्या पालकत्वाचा विचार होतो तेव्हाही मुख्य कसोटी असते ती मुलाच्या हिताची. केवळ त्याच्या हट्टाची नव्हे. पाळीव कुत्रा तर आमरण अज्ञानच. रस्त्यावरचा कुत्रा स्वतःचे पोट स्वतः भरतो. घरातल्या कुत्र्याच्या पोटात जाणारा जवळजवळ प्रत्येक घास आपल्या हातून जातो. सत्ता जेवढी पूर्ण, उत्तरदायित्वही तेवढेच पूर्ण.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. या मुक्या जीवाचे आयुष्य ते बारा-चौदा वर्षांचे. त्याला खाण्यावाचून दुसरे सुख कोणते? तेही हिरावून घ्यावे काय? परंतु सुख कशाने वाढते ते पाहावे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी अन्न दिले. कमी खाणारे कुत्रे सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगले, आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. शिवाय, ताटाशी बसून आपल्याकडे टक लावणारा कुत्रा भुकेलाच असतो असे नाही. त्याच्या डोळ्यांतील याचना आपल्याला सहन होत नाही, म्हणून आपण पोळीचा तुकडा टाकतो. तेव्हा त्या तुकड्याने समाधान कोणाचे झाले, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

म्हणून काय त्याला एकादशी घडवावी? मुळीच नाही. अर्धपोटी ठेवणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय. गीतेच्या सहाव्या अध्यायाने अति खाणे आणि मुळीच न खाणे, दोन्ही त्याज्य ठरविली आहेत. व्यवहारातला मार्ग सोपा आहे. दिवसाचे अन्न नजरेने न घालता मोजून घ्यावे व दोन वेळांत विभागून द्यावे. खाऊ दिल्यास तो दिवसाच्या आहाराच्या दशांशाहून अधिक नसावा, आणि तेवढे जेवण कमी करावे. बरगड्या हलक्या हाताला लागाव्यात, वरून पाहता कंबर दिसावी; महिन्यातून एकदा वजन करावे. आधीच स्थूल झालेल्या कुत्र्याचे वजन पशुवैद्याच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावे.

प्रसादाविषयीही एक शब्द सांगणे भाग आहे. शिऱ्यातील बेदाणे व मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांस घातक ठरू शकतात. थोड्याही कधी कधी पुरतात. श्रद्धेने दिलेली वस्तू म्हणून ती त्याला बाधत नाही, असे मानणे ही श्रद्धा नव्हे. वैश्वदेवात श्वानासाठी काढतात तो वाटाही घासाचा असतो, राशीचा नसतो. त्याच्या वाट्याचे जेवण त्याला नित्यनेमाने द्यावे. त्यापलीकडे त्याने मागितले तर त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, त्याला चार पावले फिरवून आणावे. पुष्कळदा तो तेवढ्याच साठी आलेला असतो.